रंग ठरेना

टाउन हॉलात शिरताच पंकजाला हसू आवरेना. भिंतींवर कुंभकोणचीच माणसं टांगली होती — कॉफी हॉटेलातला गुरुमूर्ति भडक गुलाबी, विड्याची पानं विकणारी अलमेलु हिरवीगार! सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या शामसुंदरनं हे प्रदर्शन मांडलं होतं आणि नाकं मुरडत का होईना, सारं गाव बघायला येत होतं.

पुढच्या भिंतीपाशी मात्र तिचं हसू विरलं. तिथं तीच होती. निळी, केशरी, जांभळी... एकच चेहरा पुन्हा पुन्हा. तिरुच्चीच्या स्थळाकडे पाठवायचा फोटो तिच्या वडिलांनी, आप्पांनी, रंग भरायला याच्याच स्टुडिओत दिला होता. महिना झाला तरी तो तयार का नव्हता, ते आता कळलं.

"मेल्यानं मज निळी केली, गे!" ती चुलतबहिणीला, गोमतीला, मराठीत म्हणाली. चारचौघांत इथली मराठी घरंही तमिळच बोलत. घरची भाषा इथं कोणाला कळायची? दारापाशी उभ्या चित्रकाराकडे तिनं चोरून पाहिलं. "दिसतो मात्र देखणा..."

"मी?" तो जवळ येत चक्क मराठीत म्हणाला.

पंकजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही... आमच्यांतले?"

"गोविंदपुरमचे रंगारी आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या लुगडीं रंगवतों."

"मग लुगडींच रंगवायचीं! माझा चेहरा काय म्हणून?"

"रंग ठरेना..." त्याची नजर खाली गेली. "गोरी करा, म्हणून आप्पांनी सांगितलं. सगळेच सांगतात, मी करतोंही. तुमच्या फोटोवर तो रंग चढवायला हात धजेना."

'जरा उजळ असती तर —' हे ऐकत पंकजा वाढली होती. आहे तशी ती कुणाला आवडली, असं आजवर घडलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"रागावूं नका," तो घाईनं म्हणाला. "उद्यां गोरी करून देतों. तिरुच्चीस पाठवा."

उद्या फोटो गेला की संपलंच सगळं, हे तिला कळत होतं. गोमती हात ओढत होती, पण तिचा पाय निघेना.

"नको," ती म्हणाली. "तो फोटो तुमच्यापाशींच असूं द्या."

"आणि आप्पांस काय सांगूं?"

"तें शुक्रवारीं घरीं येऊन सांगा." ती लाजली, तरी नजर तिनं वळवली नाही. "पण मुलगी मागायला एकटे येतात काय? आईस घेऊन येवा."