जीपची मागची काच

बसा ना ताई. लाइट काही तासभर येत नाही. आमच्या बालाघाटात हे रोजचंच, तुम्ही नव्या शेजारी आहात, होईल सवय. कंदील मध्ये ठेवते. फक्त त्या काचेच्या कपाटाचं दार ढकलू नका. उघडं आहे ते असू द्या. कडी शोधताय? ती आम्हीच काढून टाकली. तुम्ही आतल्या छोट्या जीपबद्दल विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या घरात तो विषय कोणी काढत नाही.

ती जीप झाली त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. साधंच काम. दसऱ्याला आमच्याकडे चाक असलेली प्रत्येक वस्तू धुऊन पुजतात, मग तो ट्रक असो की पोराची सायकल. आमच्या दारात तेव्हा एकही गाडी नव्हती. तरी मी हार घेतला. फुलवाल्यानं विचारलं, "गाडी कौनसी है, भाभी?" मी "जीप" म्हणून मोकळी झाले. ती जीप माझ्या पंज्याएवढी होती, हे त्याला कशाला सांगा!

आमच्या ह्यांना गाड्यांचे किट जोडायचा नाद. मुकुंद नाव त्यांचं. मी घेत नाही एरवी, पण तुम्हाला कळायला हवं. सिंचाई विभागात नकाशे काढायची नोकरी, त्यामुळे हात जात्याच बारीक. नणदेचे यजमान जपानला जायचे, ते येताना डबे आणायचे. डब्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले गाडीचे सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पण डब्यावरच्या चित्रासारखी गाडी केली तर ह्यांचं समाधान होत नसे. परदेशी मोटारीची काळीपिवळी टॅक्सी करतील, नव्या कोऱ्या ट्रकला गंज लावतील. माझी शिवणाची सुई एरियल झाली, माझं नेलपॉलिश मागच्या दिव्यांना गेलं. आणि थिनरचा तो वास... वरणाला फोडणी दिली तरी नाकात थिनरच.

देवेंद्र, माझा धाकटा दीर, आमच्याकडेच राहायचा. बैहरकडच्या दुकानांना औषधं पोचवायचा. त्याची एक जुनी जीप होती, वर पत्र्याचा टप बसवून घेतलेली. पुढे दोन दारं, मागे बाकडी. मागच्या दाराला बाहेरून कडी, कारण खड्ड्यात ते आपोआप उघडायचं. एकदा हे तांदूळ आणायला ती जीप घेऊन वारासिवनीला गेले आणि ड्रायव्हरच्या दाराचं आतलं हँडल ह्यांच्या हातात आलं. तेव्हापासून काच सरकवून, हात बाहेर घालून दार उघडावं लागे.

"रविवारी बसवून देतो," हे म्हणाले, आणि हँडल आपल्या किटच्या टेबलावर ठेवलं.

देवेंद्र मला चिडवायचा. "वहिनी, दादा तांदळाएवढं हँडल बनवाले दोन दिवस घालवते, अन माह्या हँडलले टाइम नाही म्हणते. माहीच जीप छोटी करून टाका ना!"

आम्ही हसायचो. रविवार येत गेले. हँडल टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कामाला आलं.

भाद्रपदातली दुपार होती. ऊन लख्ख पडलेलं. वर जंगलात कुठेतरी जोराचा पाऊस झाला असणार. बैहरहून येताना नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, एकाएकी पाणी चढलं आणि जीप वाहून खाली गेली. पाणी उतरल्यावर लोकांनी ती काढली. ड्रायव्हरचं दार बंद होतं. देवेंद्र आपल्या जागेवर नव्हता, मागच्या बाकड्यांमध्ये होता. मागच्या खिडकीची काच फुटलेली, हात काचेनं कापलेले. सगळे म्हणाले, दार उघडलं नाही म्हणून बिचारा वाट शोधत मागे गेला असेल.

हे उठून टेबलाशी गेले. तिथलं हँडल उचललं आणि रात्रंदिवस मुठीत धरून बसले.

जीपमधलं सामान घरी आलं. जॅक, भिजलेली खोकी, एक नवी बांबूची टोपली, आणि टोपलीत कापडाची चुंबळ, डोक्यावर ओझं ठेवायला बायका गुंडाळतात ती. बैहरची टोपली आण, असं मी देवेंद्रला कितीदा म्हटलं होतं. त्यानं आठवण ठेवली, या विचारानं मी टोपली उराशी धरून रडले. मग तिच्यात कांदे ठेवू लागले आणि चुंबळीवर पाण्याचा माठ.

बरेच महिने ह्यांनी ब्लेडला हात लावला नाही. मग एक दिवस कपाटातून डबा काढला. लष्करी जीपचा किट होता, उघड्या जीपचा. मी समजले काय चाललंय ते. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून टप कापला, बाकडी केली, मागच्या दाराची कडीसुद्धा तारेची केली. डाव्या बाजूला म्हशीनं धडक दिल्याचा पोचा होता, तो गरम चमच्यानं पाडला. सगळं देवेंद्रच्या जीपसारखं. पुढची दारं तेवढी उघडती केली नाहीत. तिथं हात चालेना. नुसती रेघ ओढून दाराचा आकार दाखवला आणि काचा पक्क्या बसवल्या.

दसऱ्याला मी त्या जीपला कुंकू लावलं. चाकाखाली ठेवायला लिंबू घेतलं तर ते चाकापेक्षा मोठं! शेवटी भिजवलेला हरभरा ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली.

दुपारी चहा घेऊन गेले तर ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर वाफ धरलेली. मसुरीच्या दाण्याएवढी.

"डिंकाची हाय," हे म्हणाले. "तो झटपट डिंक काचेजवळ वापरला का त्याची वाफ बसते. आता जात नाही ते. काच वाया गेली."

पण दिवेलागणीला काच स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तिथंच वाफ. खोलीत थिनरचा वास नव्हता. नाल्याच्या गाळाचा होता, थंड, कुजक्या पाल्याचा. हे भिंग लावून पाहत होते. कपातला चहा गार झाला.

"मीनाक्षी... इकडं ये."

"काय?"

"पाह्य ना. वाढते... अन कमी होते. आतून... कोनी दम घेऊन राह्यला."

मी वाकून पाहिलं. तो दाणा मोठा होई, लहान होई. माझाच श्वास त्याच्याबरोबर चालायला लागला तेव्हा मी मागे सरले.

ह्यांनी धारदार सुरी घेतली. दाराच्या त्या रेघेवरून हलकेच फिरवली, पुन्हा फिरवली, पुन्हा. प्लास्टिक एकदम कापलं तर तडकतं, त्याच रेघेवरून किती तरी वेळा जावं लागतं. त्या सुरीचा कर्र कर्र आवाज आणि माझं देवाचं नाव, एवढंच घरात ऐकू येत होतं. दार सुटलं. त्याला तारेची बिजागरी केली. मग आतून हँडल लावलं, तांदळाएवढं. लावून झाल्यावर हे हातातलं काम तसंच ठेवून रडायला लागले.

"एवढंच काम होतं वं... एवढंच होतं."

दार उघडलं तसा पाण्याचा एक थेंब खालच्या वर्तमानपत्रावर पडला. त्यात रेती होती.

मला वाटलं, सुटला पोरगा. त्या रात्री हे कितीतरी महिन्यांनी शांत झोपले. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुढची काच कोरडी होती, दार उघडं होतं, आणि वाफ मागच्या काचेवर धरली होती.

"दार तं उघडलं मी," हे पुटपुटले. "मंग हा मागं काहून गेला? असा कसा... उलटा मागं..."

मी भिंग घेतलं. एक ठिपका होता. त्याच्या शेजारी दुसरा. आणि खाली, बाकड्याजवळ, मोहरीएवढा तिसरा. तो फार भराभर लहानमोठा होत होता.

"अहो... हे तीन आहेत."

पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेले. पाणी संपत आलं होतं, माठ उचलला, आणि खालच्या चुंबळीकडे बघतच राहिले. रोज बघत होते की मी तिला! देवेंद्रनं जन्मात डोक्यावर ओझं घेतलं नव्हतं. मग टोपलीत चुंबळ कोणाची? मी तिचे वेढे सोडले. ते पोराचं झबलं होतं. दोन बटणांचं, वर्ष-दीड वर्षाच्या पोराच्या अंगाचं.

मी ते तसंच नेऊन ह्यांच्यापुढे धरलं. दोघांनाही एकदमच सगळं उमजलं. कोणी बाई लेकरू घेऊन रस्त्यावर उभी असणार. त्यानं मागे बसवलं, पोर पडू नये म्हणून बाहेरून कडी लावली. पाणी चढलं तेव्हा त्यानं आपल्या दाराकडे पाहिलंही नसेल. तो वाट शोधत मागे गेला नव्हता. तो त्यांच्यासाठी गेला होता. काच त्यानं फोडली होती, त्यांना बाहेर ढकलायला. आणि आम्ही नाल्याच्या काठानं एकालाच शोधलं.

ह्यांनी मागची काच सुरीनं खणून काढली. वाफ थांबली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही टोपली घेऊन बैहरला गेलो. फकिरा नावाच्या म्हाताऱ्या टोपलीवाल्यानं वीण ओळखली. "मेरीच है, बाई." कोणाला विकली ते त्याला सांगता येईना. म्हणाला, त्या दिवसांत कितीतरी बाया पोरं घेऊन नागपूरला कामावर जातात. एखादी परत आली नाही तर लोक समजतात, राहिली तिकडेच. तिच्यासाठी कोणी नाल्यावर कशाला जाईल?

आम्ही परत आलो. आणखी गावं होती, आणखी बाजार होते, जायला हवं होतं. नाही गेलो. आपलं दुःख उगाळायला आम्हाला वर्षं पुरली नाहीत, आणि तिच्यासाठी एक दुपार घालवून आम्ही घरी येऊन बसलो. हे मला आजही टोचतं.

झबलं धुऊन, घडी घालून मी या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं. वर जीप ठेवली. दार लावलं, कडी घातली. आणि एका दुपारी चहा घेऊन आले तर कपाटाची काच आतून धुरकट झालेली. आता मसूर-मोहरी नाही. माणसाच्या तोंडाएवढे डाग. एक ह्यांच्या उंचीवर, एक माझ्या खांद्याशी आणि एक गुडघ्याजवळ. ते लहानमोठे होत होते.

कडी बाहेरून होती, ताई. माझ्याच हातानं लावलेली.

ह्यांनी पेचकस आणून ती तिथल्या तिथं काढली. तेव्हापासून दार असं उघडं असतं. तरी वाफ यायची थांबली नाही, आणि मी रोज खालच्या फळीवर झबल्याची घडी नीट करत आले. दुसरं काय करणार होते?

यंदाच्या दसऱ्याला जीपला कुंकू लावायला गेले तर झबलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. ज्याचं त्यानं नेलं, असं मी मनाला सांगितलं आणि हात जोडले. त्या दुपारी खालचा डाग आला नाही. माझ्या खांद्याजवळचाही नाही.

वरचा येतो. रोज.

हे दुपारी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात, हातात ते लोखंडी हँडल घेऊन. "अजून कोनतं दार राह्यलं, बे?" असं हळूच विचारतात. किट जोडणं केव्हाच सुटलं. परवा मी म्हटलं, अहो, ते हँडल आता वैनगंगेत सोडून या. त्यालाही मोकळं करा, तुम्हीही व्हा.

तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काही भलतं बोलले.

"मंग तो काय धरून बाहेर येईन?"

मी चहाचा कप उचलायला खाली वाकले, तेव्हा पाहिलं. हँडलवर ह्यांची मूठ होती. आणि मुठीच्या वर, लोखंडाच्या उरलेल्या टोकावर, चार बोटांचे ओले ठसे.