अजून कुणीतरी वापरत आहे

काकूंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात त्यांचा चहा करून झाला.

"नव्या सिस्टिमवर लेकीचा व्हिडिओ कॉल येईल ना? चारला करणार आहे. परदेशी गेल्यापासून तोंड पाहिलं नाही हो तिचं."

"येईल की. जुनी काढून नवी टाकणं माझ्या हातचा मळ आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "यातलं काही ठेवायचंय?"

"छे! लेकीचे, टिल्लीचे, लहानपणचे खेळ सगळे. आता घोड्याएवढी झालीय."

काकू केस विंचरायला आत गेल्या. पडद्यावर टिल्लीच्याच नावाचं खातं उघडं होतं. त्यात एक अर्धवट चित्र होतं: घर, लाल दार, बिनरंगाच्या दोन खिडक्या. चहा पिऊन त्याने पुन्हा पाहिलं, तर एक खिडकी पिवळी झाली होती. मशीन संथ आहे, रंग उशिरा उमटला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. या धंद्यात भुताखेतांपेक्षा धूळच जास्त सापडते.

मग पडद्यावरचा बाण हलला. त्याने माउसची वायर उपटली.

दुसरी खिडकीही सावकाश, रेघेबाहेर जराही न जाता, पिवळी होऊ लागली. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

"काकू, घरात आणखी कुणी आहे?"

"मी एकटीच. का हो?"

"सहज विचारलं."

चारला जेमतेम तास उरला होता. त्याने नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला आणि मशीनला पुन्हा सुरू व्हायची आज्ञा दिली. पाटी आली: 'हा कॉम्प्युटर अजून कुणीतरी वापरत आहे. पुढे गेल्यास त्यांचे जतन न केलेले काम नष्ट होईल. पुढे जायचे?' ही पाटी त्याने आजवर कधी धड वाचलीच नव्हती.

बाण 'नाही'वर गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

त्याने कीबोर्डवरून 'हो' दाबलं. टिल्लीचं खातं पुसलं गेलं आणि नवी सिस्टिम चढली.

चारला कॉल आला. चित्र स्वच्छ होतं.

"टिल्ले!" काकू पडद्याजवळ सरकल्या.

पडद्यावरची तरुणी नम्रपणे हसली. "माझ्या फोनवर या वेळेला इथे कॉल करायची आठवण लावलेली होती. माफ करा, आपण कोण?"

काकू दुरुस्तीवाल्याकडे वळल्या. "अहो, आवाज जरा वाढवता का? तिला ऐकू येत नाहीये बहुतेक."

त्याने आवाज पूर्ण वाढवला. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणखी नम्रपणे.