दुसरा सिग्नल

हे खरं घडलेलं आहे. डेल माझ्या बहिणीचा नवरा. त्याने सांगितलं तसंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही. माझ्या बहिणीला, व्हर्नाला, विचारलंत तर यातलं अर्धं तीही सांगेल.

उरलेलं अर्धं तिला ठाऊक नाही. कळायलाही नको.

वायोमिंगमधली स्टार व्हॅली. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, दुपारचे सव्वादोन. डेल, व्हर्ना आणि डेलचा चुलतभाऊ गार्थ, तिघं स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, घेऊन कॉटरच्या खोऱ्यात गेले होते. डेल एरवी शाळेची बस चालवतो. चाळीस पोरं रोज सुखरूप घरी पोचवणारा माणूस, आततायीपणा त्याच्या स्वभावात नाही.

आठवडाभर बर्फाचा कण पडला नव्हता. आकाश निरभ्र. सगळे त्यालाच भुलले.

पण बर्फ काय आकाशातूनच येतो? तीन रात्री वाऱ्याने पलीकडच्या अंगाचा बर्फ उचलून, कड्यावरून आणून, अलीकडच्या उतारावर थापला होता. दिसायला गिलावा केलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत. डेलने कडेला पाय देऊन पाहिला तर खालून पोकळ आवाज आला. ढोलावर थाप मारावी तसा. असा थर माणसाच्या वजनानेही सुटून कोसळतो.

त्याने तो ऐकला. गार्थनेही ऐकला.

उतारावर एका वेळी एकच माणूस, हा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. आधी गार्थ गेला आणि निम्म्यात गाडी रुतवून बसला. अशा वेळी ज्याची गाडी त्यानेच काढायची. बाकीच्यांनी खाली थांबून गंमत बघायची. व्हर्नाने डेलला बजावलंही. पण वॉकीटॉकीवर गार्थची टकळी सुरू झाली. गाडी शोभेला आणलीस का, म्हणाला. बसमधली पोरं बघतील तर हसतील, म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "का बायकोची परवानगी लागते?"

डेल गेला.

गार्थपासून वीसेक पावलं खाली पोचला, आणि...

धप्प.

पायाखालून एक भेग सरसरत गेली. गार्थ भेगेच्या वर राहिला. खालचा अख्खा उतार डेलला घेऊन निघाला.

सगळं थांबलं तेव्हा काळोख होता. हात छातीशी दुमडलेले, एक पाय मागे मुरगळलेला. त्याने बोट हलवून पाहिलं. हलेना. चहूबाजूंनी बर्फ सिमेंटसारखा आवळला होता. तोंडापुढे फक्त ओंजळभर जागा. तो जीव खाऊन ओरडला.

आवाज त्याच्याच तोंडावर आपटला.

मग शेजारून...

"ओरडू नको. हवा संपेल."

डाव्या कानाशी. हातभर अंतरावर. पुरुषाचा, थकलेला आवाज. डेलला हायसं वाटलं. म्हणजे गार्थही गाडला गेला होता. वाईटच, पण निदान आपण एकटे नाही.

"गार्थ, लागलंय का तुला?"

फक्त श्वास... संथ.

इतक्यात वरून हाक आली. बर्फाखालच्याला वरचं सगळं ऐकू येतं, वरच्यांना खालचं काही येत नाही.

"डेल! अरे डेल!"

तो गार्थचा आवाज होता.

वरून.

शेजारचा श्वास चालूच होता.

तिघांच्याही छातीवर बीकन होता, सिग्नल सोडणारं छोटं यंत्र. गाडल्या गेलेल्याचा बीकन सिग्नल सोडत राहतो. शोधणारे आपापला बीकन शोधावर टाकून तो सिग्नल पकडतात आणि खणतात. वर व्हर्नाचा आवाज चिरकला. "गार्थ, हा दोन दाखवतोय. दोन कसे?"

गार्थ म्हणाला, माझा मी शोधावर टाकलाय, तुझा बघ. तिनेही टाकला होता. मग तो म्हणाला, वेळ घालवू नको, जवळचा आधी खणू.

जवळचा म्हणजे डेल नव्हता.

फावडी सुरू झाली. डावीकडे. डेलला एकेक घाव ऐकू येत होता. तो पुटपुटत राहिला, इकडे, इकडे. श्वासाच्या वाफेने तोंडापुढचा बर्फ पाघळायचा आणि पुन्हा गोठायचा. त्याची काच होत चालली होती. हवा आत येईना. डोकं जड झालं.

"आले," शेजारचा म्हणाला. आवाजात आनंद होता. "किती हिवाळे गेले. आले एकदाचे माझ्याकडे."

डेल रडायला लागला. हे त्याने मला लाज न बाळगता सांगितलं.

"माझी बायको आहे वर," तो म्हणाला. "मला आधी काढू दे. मी मरतोय रे."

शेजारचा श्वास थांबला. फक्त फावडी.

मग...

"मी बंद करू का माझा सिग्नल?"

डेल म्हणाला, "हो. कर."

खट.

वर व्हर्ना ओरडली, "एक गेला! गार्थ, ते सोड, इकडे ये!" पावलं धावली. थोड्या वेळाने शोधायची लांब सळई बर्फातून खाली आली आणि डेलच्या खांद्याला टोचली. त्याला वाटलं आता सुटलो.

शेजारी कुणीतरी रडत होतं. तोंड दाबून.

व्हर्नाने त्याचं डोकं मोकळं केलं तेव्हा तो निळा पडला होता. सव्वीस मिनिटं झाली होती. त्याला बाहेर ओढेपर्यंत वारा वाढला होता आणि वरचा अर्धा उतार अजून तसाच लटकत होता. गार्थ सारखा म्हणत होता, निघा, निघा. व्हर्ना मात्र त्या डावीकडच्या अर्धवट खड्ड्याकडे बघत होती. तिने डेलचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"डेल, खाली आणखी कुणी आहे?"

रडणं त्याच्या पायांखाली, बर्फात चालू होतं. ते तिला ऐकू येत नव्हतं.

"नाही," डेल म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने स्वतःच बचाव पथकाला फोन केला. सिग्नल दोन होते, एवढंच सांगितलं. त्यांनी कुत्री नेली, खड्डा पार जमिनीपर्यंत खणला. काही नाही. दुकानात तिन्ही बीकन तपासले, तिन्ही ठणठणीत. जुलैत बर्फ गेल्यावर डेल एकटाच जाऊन आला. गवत, रानफुलं. साधा हातमोजासुद्धा नाही. त्या खोऱ्यात कुणी हरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

व्हर्ना अजून मधूनच विचारते, दुसरा कोण होता रे? तो म्हणतो, यंत्राचा काय भरवसा.

मी त्याची समजूत घालून पाहिली. म्हटलं, वरचा उतार सुटला असता तर तुम्ही तिघंही गेला असतात. तू दुसरं काय म्हणणार होतास? त्याने मान हलवली. तेवढं त्यालाही कळतं.

"त्याचं नाव तरी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.