पलीकडून ‘हाव’

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो गणेश आजही देऊळघाटच्या शिवारात मजुरीला जातो. विचारलं तर सांगतो, पण सांगताना मान वर करत नाही.

बोंडअळीचं वर्ष होतं ते. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणता म्हणता तिनं बोंडं पोखरली होती आणि जो तो नुसता फवारत होता. पाठीवर पंप वाहून गणेशचा जीव मेटाकुटीला आला होता.

बायको पुष्पांजली पहिल्या बाळंतपणाला डोणगावला माहेरी गेलेली. त्याच्या जुन्या मोबाईलमधून तिचा आवाज यायचाच बंद झाला होता. दिवसभर राबून आल्यावर तेवढा आवाज कानावर पडावा, एवढंच त्याचं मागणं.

मतीनच्या दुकानात एक रिफर्बिश्ड मोबाईल होता. अगदी नव्यासारखा. पण कोणाचा असेल, कसा निघेल... गणेशचं मन धजेना.

मतीन म्हणाला, “घरी नेऊन पाह्य. अंदर पयल्या मालकाचं काहीच नाही, पूरा कोरा करून येते. नाही पटला तं वापस आन.”

मोबाईल पटल्यावरच त्यात सिम टाकायचं ठरलं. बॅटरी किती टिकते पाहावी म्हणून गणेशने तो चालू करून, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि इंद्रभानसोबत फवारणीला गेला.

इंद्रभान त्याचा नेहमीचा जोडीदार. वयाने थोरला. त्या साली कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, चार तासं, म्हणजे चार ओळी पलीकडचा माणूस दिसत नसे. औषध नाकातोंडात जाऊन माणसं पडत होती. म्हणून या दोघांची एक रीत होती. तास संपून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचलं की पंप थांबवून हाक मारायची, ‘हायेस का?’ दुसऱ्याने होकाराचं ‘हाव’ म्हणायचं. हाव आला नाही, तर पंप टाकून धावायचं.

दुपार कलली होती. आभाळ भरलेलं, वारा पडलेला.

गणेशने हाक दिली...

“हाव.”

पुढचं तास. पुन्हा हाक...

“हाव.”

तोच घोगरा आवाज. तीच थोडी चिडकी तऱ्हा. गणेश इतका थकला होता की डोळे उघडे ठेवून झोपेतच चालत होता.

मग औषध संपलं. तो धुऱ्यावर टेकला.

तेव्हा कुठे त्याला जाणवलं... पलीकडे पंपाचा आवाज नव्हता.

पानंही हलत नव्हती.

त्याने बसल्या जागेवरून हाक दिली.

“हाव.”

हा आवाज पलीकडून आला नव्हता.

त्याच्या छातीपासून आला होता. खिशातून...

गणेश पऱ्हाटी मोडत धावला. इंद्रभान तासात पालथा पडला होता. तोंडाला फेस. मागे थोडंच रान फवारलेलं होतं. म्हणजे तो केव्हाचाच पडला होता.

बुलडाण्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. वाचा मात्र उशिरा आली, आणि आल्यावर पहिलं बोलणं हे झालं.

“मी पडल्या पडल्या आयकत होतो बे. तू हाक मारे... अन् माह्या आवाजात तूच हाव म्हणे. मले वाटलं, हा मजाक काऊन करून राह्यला?”

गणेशने मोबाईल परत केला. मतीनने सगळा उघडून पाहिला. आत काही नव्हतं. त्याने तो पुसून पुन्हा काचेत ठेवला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मोबाईल तिथे नव्हता, कोणीतरी घेऊन गेलं होतं.

पुष्पांजली लेकरू घेऊन परत आली. गणेश संध्याकाळी अंगणातून हाक मारतो, ती चुलीपासून हाव म्हणते, आणि तो दमलेला असला तरी उठून आत जातो.

“हाव म्हणलं ना मी? मंग काऊन उठले?” ती चिडते.

तो दारात उभा राहून पुन्हा हाक मारतो, तिचे ओठ हलताना पाहतो आणि मगच जेवायला बसतो.