घराकडं तोंड

सुकन्याला स्टेजची भीती वाटायची, ही गोष्ट आता जुनी झाली. नववीत आल्यापासून पोरीच्या आवाजाला अशी काही धार आली होती, की प्रार्थनेला माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. तर चाकूरच्या तिच्या शाळेत 'जग आपल्या अंगणात' नावाचं प्रदर्शन ठरलं, चिठ्ठ्या टाकल्या, आणि हिच्या गटाला इंडोनेशिया आला.

"नकाशा काढू न् मोकळं होऊ," मुग्धा म्हणाली. मुग्धा म्हणजे तिची बाकावरची जोडीदारीण.

"नकाशा समदेच काढतेत गं. आपण असं दाखवू की परीक्षकांच्या हातातला चहा गार झाला पाहिजे."

तीन संध्याकाळी पप्पांचा मोबाइल धरून बसल्यावर तिला ते सापडलं. सुलावेसी नावाच्या बेटावर, डोंगरात, तोराजा लोक राहतात. त्यांच्यात पूर्वी दात येण्याआधी गेलेलं बाळ जिवंत झाडाच्या पोटात ठेवायचे. खोडात कप्पा कोरायचा, बाळाला कापडात गुंडाळून आत ठेवायचं, वरून काथ्यासारखं केसाळ झाकण लावायचं. झाड पांढऱ्या चिकाचं, कारण तो चीक म्हणजे बाळाचं दूध. खोड हळूहळू भरून येतं आणि बाळ झाडाबरोबर वाढतं, अशी समजूत. कप्प्याचं तोंड मात्र घराच्या उलट दिशेला ठेवायचे. आईला ते दिसू नये म्हणून. आणि दात आलेलं मूल झाडात ठेवायचं नाही. झाड फक्त बिनदातांचं.

हे वाचून सुकन्या उठली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर त्यांचं उंबराचं झाड होतं. बुंधा जाड, छातीएवढ्या उंचीवर एक उथळ ढोली, आणि नख लावलं तरी पांढरा चीक.

सुकन्याचा धाकटा भाऊ शिवांश गेला तेव्हा पाच महिन्यांचा होता. दोन वर्षांपूर्वी ताप आला, लातूरला नेलं, आणि परत आणलं ते सरळ समाजाच्या रुद्रभूमीत, मातीत ठेवायला. तेव्हापासून आई, म्हणजे मंजुषा, घरात असायची, भाकरी थापायची, डबे भरायची. पण तिच्याशी बोललं की बंद दुकानाच्या शटरवर हात मारल्यासारखं व्हायचं. सुकन्याला पहिलं बक्षीस हवं होतं, हे खरंच. पण त्याहून जास्त तिला हवं होतं, की आईनं एकदा हसून तिच्याकडं बघावं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघींनी चित्रीकरण केलं. पप्पांच्या मोटारपंपाच्या दुकानातली पटाशी आणून सुकन्यानं ढोली खोल केली. चिंध्यांची बाहुली तिनं आदल्या दिवशीच शिवली होती. डोकं, धड, हातपाय. तोंड काढायचं राहून गेलं होतं. शेवटच्या क्षणी, खरं वाटावं म्हणून, तिनं लोखंडी पेटीतून शिवांशचं पिवळं टोपडं आणि दुपटं आणलं.

"विचारलीस का काकूला?" मुग्धानं मोबाइल खाली घेतला.

"लगेच ठेवून देते ना परत."

"आणि तूच म्हणलीस न्हाई का, भोक घराकडं नसतं म्हणून? हे तर थेट खिडकीसमोर हाय."

"पलीकडून सावली येते गं. इकडून उजेड लई भारी हाय. तू रेकॉर्डिंग कर."

बाहुली आत गेली. वर काथ्याचं झाकण, कडेनं चार खिळे. चीक ओघळून तिच्या मनगटापर्यंत आला. कोमट होता. ऊन होतं म्हणून असेल.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांचा चहा खरंच गार झाला. पहिलं बक्षीस मिळालं. प्रेमलामॅडमनी पाठ थोपटली, पप्पांनी दुकान अर्धं बंद ठेवून टाळ्या वाजवल्या. आई आली नाही.

घरी येऊन सुकन्या ट्रॉफीसकट मागच्या अंगणात गेली, आतच राहून गेलेलं टोपडं-दुपटं काढून पेटीत ठेवायला. झाकण निघेना. खिळे गायब होते. म्हणजे होते, पण चारी बाजूंनी सालीचा मऊ, ओठासारखा काठ त्यांच्यावर चढला होता. तिनं नखानं ओढून पाहिलं. चीक आला.

आणि खिडकीत आई गुणगुणत होती.

सुकन्या ट्रॉफी घेऊन तशीच उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं तो आवाज ऐकला होता. आईनं वर पाहिलं, हसली. "मिळालं का गं बक्षीस? ये, शेंगादाण्याची पोळी केलीय तुझ्यासाठी." त्या क्षणी झाकण, खिळे, टोपडं, सगळं सुकन्याच्या डोक्यातून उडून गेलं. खोटं कशाला सांगा, तिनं ते उडू दिलं.

मग रोज थोडं थोडं. आई भल्या सकाळी मागं जाऊन येई. डिसेंबरची थंडी, तरी खिडकी सताड उघडी. काथ्याचा गोल आधी वाटीएवढा राहिला, मग रुपयाएवढा. एकदा डबा घेताना सुकन्याला आईच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग दिसले. आईनं घाईनं पदर ओढला. तिच्या अंगाला वास येत होता. ओळखीचा वास. दोन वर्षांपूर्वी सगळ्या घराला यायचा तो, दुधाचा आणि पावडरचा.

"पप्पा, झाड इतकं लवकर भरतं का?"

"जखम झाली की झाड भरतंच," पप्पा पंपाचं बिल फाडत म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुझी आई किती दिवसांनी नीट जेवायली, बघितलीस का? उगं कशात हात घालू नको."

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

गुरुवारी आई मागच्या अंगणातून आली ती बोट तोंडात धरून. "स्स!"

"काय झालं?"

"काही न्हाई. चावलं."

"काय चावलं, आई?"

आई खुदकन हसली, एखादी खोडी सांगावी की नको असं. बोट नळाखाली धरलं. सुकन्यानं पाहिलं. रक्त नव्हतं. बोटाच्या टोकाला दोन बारीक खाचा होत्या, अगदी शेजारी शेजारी.

झाड फक्त बिनदातांचं. हे वाक्य तिनं स्वतः माईकवर म्हटलं होतं, हात उंचावून, छान थांबत थांबत. पुढं काय होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. असं कधी झालंच नसेल, म्हणून.

दोन दिवस ती मागच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. कप्पा उघडला तर आई पुन्हा त्या शटरामागं जाईल. नाही उघडला, तर? रविवारी दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली, आणि सुकन्यानं खुरपं उचललं.

गोल आता मिटला होता. नाभीसारखी एक खूण तेवढी उरली होती. तिनं तळहात टेकवला. साल गरम होती, ताप आलेल्या कपाळासारखी.

तिनं खुरप्याचं टोक घातलं.

लाकूड घट्ट असायला हवं होतं. ते सहज सुटलं. पातळ पापुद्रा. आतून कुणीतरी बराचसा खरवडून ठेवल्यासारखा.

तिनं आत हात घातला. काथ्या. चीक. मग बाहुली हाताला लागली. तिनं ती बाहेर काढली.

बाहुली उघडी होती. टोपडं नव्हतं. दुपटं नव्हतं.

कप्प्याच्या काठावर, आतल्या बाजूनं, बारीक खाचा होत्या. दोन दोनच्या. कितीतरी.

मागं दोरीवर काहीतरी टपटपत होतं. सुकन्या वळली. पिवळं टोपडं नुकतंच धुऊन वाळत घातलेलं होतं.

"सुकन्या!" स्वयंपाकघरातून आईची हाक आली. ती कधी परतली, कळलंच नव्हतं. "काय करायलीस उन्हात? चल, ताटं घे. आणि एक भाकर दुधात बारीक कुस्कर बरं का. दोनच दात हायत अजून."

सुकन्या दारात येऊन थांबली. खिडकी बंद होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

पप्पा पाटावर बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. मान खाली घालून ते फक्त थोडे डावीकडं सरकले, आणि मांडीजवळची जागा हातानं पुसून घेतली.