सत्तर नंबरचा जेट

काळुराम मिस्त्रीने दुपारी तीनला गाडी कोपरीच्या मिठागराच्या बांधावर आणली, तेव्हा काम तासाभराचंच होतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतून लिलावात निघालेली ही टू-स्ट्रोक मोटारसायकल दोन वर्षं आवडाबाईच्या पडवीत गोणपाटाखाली पडून होती. आता तिचा धाकटा, भिवा, आंबिवलीच्या गिरणीत लागला होता आणि सोमवारपासून त्याला गाडी हवी होती. काळुरामने इंजिन खोलून नवा पिस्टन घातला. उरला होता कार्ब्युरेटरचा जेट. पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी, सुईएवढ्या भोकाची पितळी पुंगळी ती.

जेट मोठा झाला तर गाडी धूर ओकते. लहान झाला तर सुरुवातीला उलट झकास पळते, आवाज पातळ आणि गोड येतो. मग तेल-पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो, जाम होतो, आणि मागचं चाक जागीच अडकतं. हे काळुरामइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

भिवाचा थोरला भाऊ धाकू याच गाडीवरून, याच बांधावर गेला. नशीब, असं गाव म्हणालं. गावाला काय कळतंय जेटमधलं. देवळासमोर धाकू सहज बोलून गेला होता, की गाडी माझ्या हाताने पळते, काळू नुसतं फडकं मारतो. काळुरामला ते झोंबलं. जत्रेआधी गाडी त्याच्याकडेच खोलायला आली होती; रात्रीतून त्याने नव्वदचा जेट काढून लहान भोकाचा सत्तरचा बसवला. ओळख राहावी म्हणून त्यावर कानशीने तीन काप दिले होते. जत्रेच्या वाटेवर गाडी बंद पडावी, चारचौघांत हसं व्हावं, एवढीच मौज. गाडी भरवेगात जाम झाली आणि धाकू बांधाखाली, मीठ पिकवायच्या कोंडीतल्या खाऱ्या चिखलात तोंडावर पडला. काळुराम धावत पोचला तेव्हा तो हात वर करत होता. आणि हा मनुष्य आधी गाडीपाशी बसला. "थांब रे... आलोच," म्हणत त्याने जेट बदलला, मग वळला. तोवर हात खाली गेला होता. सत्तरचा जेट त्याने खाडीत भिरकावला आणि तेराव्याला पोटभर जेवला.

आज त्याने सवयीप्रमाणे नव्वदचा जेट ओठांत धरून फुंकला, भोक साफ आहे ना पाहिलं, बसवला. बांधावरून गाडी भरवेगात नेली, मध्येच इंजिन बंद करून प्लग काढला. जेट बरोबर असला की प्लग बिस्किटासारखा तांबूस निघतो. हा पांढरा निघाला, म्हणजे पेट्रोल कमी. त्याने पंचाण्णवचा लावला. प्लग पांढराच. मग शंभरचा लावला. एवढ्यावर गाडीने काळा धूर ओकायला हवा होता, पण प्लग पांढराफटक, वर बोटाला ओल लागली. त्याने बोट जिभेला लावलं. खारट होतं.

जेट काढून त्याने उन्हात धरला. त्यावर तीन काप होते.

त्याने तो दूर कोंडीत फेकला आणि घाईने पुन्हा नव्वदचा बसवला. तेवढ्यात आवडाबाई नारळ घेऊन आली, मागे भिवा. काळुराम म्हणाला, आज नको, गाडीत खोट वाटते. कसली खोट, भिवाने विचारलं. काळुरामचा जीव घाबरला होता, तरी लाज वाटली नाही. तो म्हणाला, "भिवा, तूच बस पहिला."

आवडाबाईने मान हलवली. खोललेल्या गाडीची पहिली फेरी मिस्त्रीनेच मारायची, हा रिवाज होता.

"धाकूच्या टायमाला तू बसला नव्हतास," ती हळू बोलली. "आज बस रं, बाला."

तो बसला. बांधाच्या मध्यावर आवाज बदलला, पातळ झाला, गोड झाला. क्लचकडे त्याचा हात गेला, पण चाक आधी अडकलं.

चिखलात मान वळेना. त्याने कसाबसा हात वर केला. गाडीपाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि पान्याने काहीतरी सोडवत होतं. भिवाच असणार. पण या भिवाच्या सदऱ्यातून पाणी गळत होतं... आणि लांब, बांधाच्या त्या टोकाला, आवडाबाई आणि भिवा आता कुठे पळायला लागले होते.

"थांब रे... आलोच," पाठमोरा म्हणाला.

अंगणात आणल्यावर काळुरामच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायला गेले, तर दातांत काहीतरी अडकलेलं. मिठाचा थर चढलेला पितळी जेट निघाला. गाडीला मात्र काही झालं नव्हतं. एका किकमध्ये चालू झाली, प्लगही तांबूस.

बिचाऱ्याने शेवटपर्यंत तुझंच काम केलं, आवडाबाई भिवाला रडत म्हणाली. "त्याचा हात लागलाय त्याला. तोच बसव."

भिवाने मीठ खरवडलं, फुंकर मारून भोक साफ केलं आणि जेट बसवला. सोमवारी सकाळी तो आंबिवलीला निघाला, तेव्हा आवडाबाई दारात उभी होती. आवाज पातळ, गोड येत होता, धाकू जत्रेला निघाला होता त्या दिवशी आला होता तसा. तिला बरं वाटलं.