धाकट्याचा वाटा

दिवाळी सरली की गर्भगिरीच्या पायथ्याचं ते गाव निम्मं रिकामं होई. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत बसून कारखान्यांकडे निघून जात. मागे उरत म्हातारी माणसं, शेळ्या आणि थोडी शाळकरी लेकरं. अशा पाच जणांना निवृत्त राहीबाई रोज दुपारी शाळेच्या जुन्या खोलीत कॉम्प्युटर शिकवत. कॉम्प्युटर एकच, तोही कुणी दान दिलेला. आईबाप फडावरून मोबाईलवर आवाज पाठवत, फोटो पाठवत. बाई ते ज्याचं त्याला कॉम्प्युटरवर उतरवून देत. लेकरं आधी ते ऐकत, मग अभ्यासाला बसत.

मार्गशीर्षात कॉम्प्युटरला व्हायरस लागला. बाईंनी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर काढून घेतल्या आणि विंडोज नव्याने टाकायला बसल्या. पडद्यावर डिस्कचे भाग पाडायची चौकट आली तेव्हा त्यांनी पाचही जणांना जवळ बोलावलं.

"ही डिस्क म्हणजे एक रान समजा. चारशे पासष्ट जीबीचं. यंत्र स्वतःसाठी एक चिंधीएवढा तुकडा राखतं, तो सोडून देऊ. एकशे चौदा सी ड्राइव्हला, म्हणजे विंडोजला आणि मला. उरलेल्यात तुमचे पाच वाटे. कितीचे?"

"सत्तर!" कानिफ ओरडला. "पर बाई, तुमाला लई जास्त!"

"अरे, मास्तरणीचं पोट मोठं असतं." पोरं हसली. "आता सांगा, भावाभावांत वाटणी कशी होते?"

"थोरल्यानं वाटे पाडायचे," कानिफ म्हणाला, "आन् धाकट्यानं आधी उचलायचा."

"आणि वाटे पाडणाऱ्याला?"

"उरंल ते."

"शाब्बास." बाईंनी सत्तरचे पाच वाटे पाडले. "मग सगळ्यांत धाकटं कोण असेल त्यानं उचला बघू."

चांगुणा सात वर्षांची, सगळ्यांत लहान. तिनं माऊसकडे हात नेला. हात पोचायच्या आत पडद्यावरचा बाण सरकला आणि क्लिक झालं.

"बाई, म्या न्हाई केलं."

वाटे सहा झाले होते. चांगुणेचा एकोणसत्तरचा आणि त्याला लागून एक जीबीचा, बिननावाचा. आपलंच बोट चुकून लागलं असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी तो तुकडा पुसला. पडदा ताजा झाला तेव्हा तो होता तिथंच होता. जाऊ दे, एका जीबीनं काय होतंय, म्हणून त्यांनी विंडोज टाकून घेतलं, फायली ज्याच्या त्याच्या वाट्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी चांगुणेचा वाटा त्रेसष्टवर आला होता आणि बिननावाचा सातवर. तिच्या आईनं, सवितानं, पाठवलेली अंगाई सापडेना. बाईंनी पेन ड्राइव्ह लावून पाहिला. बाकीच्यांचं सगळं होतं. अंगाई तेवढी नव्हती.

"काही हरकत नाही. तू म्हणून दाखव, आपण परत भरू."

चांगुणेनं तोंड उघडलं आणि ती थांबली. "मला न्हाई येत, बाई."

परवापर्यंत हीच पोर ती अंगाई दिवसातून दहादा म्हणायची.

आठवड्यात तिचा वाटा पंचेचाळीसवर उतरला. रोज एखादा फोटो जाई, एखादा आवाज जाई. शुक्रवारी उरलेल्यांतला एक फोटो बाईंनी उघडला. उसाच्या मोळीपाशी सविता पदर खोचून हसत उभी होती.

"ही कोण गं?"

चांगुणेनं बराच वेळ पाहिलं. "कुनाची तरी आई हाय."

कानिफ हसला. मग त्यानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

संध्याकाळी चांगुणेची आजी छबूबाई तिला न्यायला आली. बाईंनी तिला पायरीवर बसवलं.

"छबूबाई, हिच्या पाठचं कुणी आहे का?"

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. "हुतं. गेल्या साली फडावरच झालं. तीन दिसांत गेलं बाई. नावबी ठेवलं न्हाई."

बाई आत आल्या. खोलीत उन्हाची शेवटची तिरीप होती. डिस्क सगळी पुसून पुन्हा वाटे पाडता आले असते. पण त्या बिननावाच्या वाट्यात आता अंगाई होती, आवाज होते. तो पुसला तर चांगुणेचं काय काय जाईल?

त्यांनी सी ड्राइव्हवर बाण नेला. त्यातले चाळीस जीबी कमी करून मोकळे सोडले. सीमध्ये चौऱ्याहत्तर उरले.

"बाळा," त्या पडद्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तिचं तिला दे. तुला माझ्यातलं घे."

पंखा बंद असूनही भिंतीवरचा तक्ता हलला.

सोमवारी चांगुणा धावत आली. "बाई! आईच्या हनुवटीवर तीळ हाय! डाव्या अंगाला!" दारातच तिनं अंगाई म्हणायला सुरुवात केली, एकही शब्द न चुकता. तिचा वाटा सत्तरचा झाला होता. बिननावाचा वाटा आणि मोकळे सोडलेले चाळीस मात्र कुठंच नव्हते.

कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईंचे डोळे भरून आले. छबूबाईही आली होती, खरवस घेऊन. ती दाराशी टेकली.

"लई उपकार झाले. मी म्हनते, तुमचं माहेर कुठलं वो बाई?"

राहीबाईंनी सांगायला तोंड उघडलं.

एक दार आठवलं. दारात कुणीतरी बाई उभी होती. तिला चेहरा नव्हता.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

सी एकसष्टवर होता.

बघता बघता साठ झाला.

"बाई," चांगुणेनं गाणं थांबवून विचारलं, "तुमी असं का करताय?"

राहीबाईंनी खाली पाहिलं. त्यांची मांडी मघापासून हलत होती, लेकरू निजवताना हलते तशी. आणि मांडीवरचं लुगडं मधोमध खोल दबलं होतं.